सोसेल तेवढं गरम

आमच्या आईचे पाय तापलेल्या वाळूत भाजत नसत, आणि मला त्याचा फार अभिमान होता.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती, मी नववीत होते. खारदांड्याला आमचं घर किनाऱ्यापासून दोन गल्ल्या आत. उन्हाळ्यात सुकत घातलेला जवळा उलथायला बायका भर दुपारी किनाऱ्यावर जात, तेव्हा त्यांची तारांबळ बघण्यासारखी असे. लुगडं वर खोचून, ‘आय गो, बय गो’ करत सगळ्या सावलीपासून जवळ्यापर्यंत पळत सुटायच्या आणि तशाच उड्या मारत परत यायच्या. आई मात्र रमतगमत जायची. वाळूत उभी राहून एकेकीची खबरबात घ्यायची. मग कुणीतरी म्हणायचं, "बघा गो हिचं पाय! कसं पक्कं झालंत!" पाय पक्के होणं ही आमच्याकडे कौतुकाची गोष्ट होती. आई नुसती हसायची. मी कडेला, पायात चपला घालून, सावलीत उभी असायचे आणि माझी छाती फुगायची.

त्या बायकांत अंगाला हात लावून ताप सांगणाऱ्या होत्या, बाळंतपणं केलेल्या होत्या. एकीलाही शंका आली नाही. चांगल्या धडधाकट बाईच्या पायातली जाणीव मरत चालली होती आणि आम्ही सगळे उभं राहून तिला शाबासकी देत होतो.

हे पाय आधी असे नव्हते. मी लहान असताना आई डोक्यावर पाटी घेऊन पायी फिरायची. दांड्याहून निघायचं, सांताक्रूझ, पार्ले करत अंधेरी गाठायची. इमारतीत शिरायचं, चौथ्या मजल्यापर्यंत हाळी देत चढायचं, दारात बसून मासे कापून द्यायचे, उतरायचं आणि पुढची इमारत धरायची. सकाळी निघताना आदल्या दिवसाचं कालवण आणि भाकरी खाऊन जायची, ते दुपारी घरी येऊन भात जेवेपर्यंत पोटात काही नसे. परत आली की ओटीवर फतकल मारून टाचांना खोबरेल चोळायची आणि विव्हळायची. भेगेत मिठाचं पाणी गेलं की अशा शिव्या घालायची की बाबा उठून बाहेर जायचे. मला त्या विव्हळण्याचा वैताग यायचा. तिला तेव्हा सगळं लागत होतं, खडा टोचत होता, चटका बसत होता, आणि तेच चांगलं होतं, हे मला कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

मग हळूहळू फिरणं बंद झालं. त्याला कारणं होती. जुन्या बैठ्या घरांच्या जागी सोसायट्या उठल्या, त्यांच्या फाटकावर वॉचमन आले, आणि वॉचमनला माशांचा वास सहन होईना. घराघरात फ्रिज आले. ज्या बायका रोज अर्धा वाटा घ्यायच्या, त्या रविवारी नवऱ्याला स्कूटरवरून बाजारात धाडून आठवड्याचे मासे आणवू लागल्या. आणि तिसरं कारण मी.

एकदा मी वर्गातल्या मैत्रिणीकडे वही आणायला गेले होते. आत बसले होते, तेवढ्यात दाराशी ओळखीची हाळी आली. मैत्रिणीच्या आईनं माझ्या आईशी सरंग्याच्या भावावरून पंधरा मिनिटं हुज्जत घातली आणि मी ती आतल्या खोलीतून ऐकली. बाहेर गेले नाही. घरी आल्यावर मात्र आईवर तोंडसुख घेतलं. म्हटलं, "तू आता दारोदार फिरू नकोस. मला लाज वाटते." मी घरातही शाळेतली भाषा बोलायचे, त्यावरून बाबा मला ‘बाईसाहेब’ म्हणून चिडवायचे. त्या दिवशीही ते हसले. आई हसली नाही. सहाएक महिन्यांत नात्यातल्या एका म्हातारीचा अंधेरी बाजारातला ओटा रिकामा झाला आणि आई तिथे जाऊन बसली.

बसली म्हणजे बसलीच. बंदरावरून टेम्पोनं जायचं, ओट्यावर मांडी घालायची, दुपारी रिक्षानं घरी यायचं. वर्षभरात तिचे दंड भरले, चोळ्या उसवून शिवाव्या लागल्या. गल्लीतल्या बायका कौतुकानं म्हणायच्या, "सुख मानवलं हो हिला!" आणि खरंच होतं ते. बाबांच्या होडीला इंजिन बसलं होतं, पूर्वी शीड आणि वल्ह्यांवर जो घाम निघायचा तो निघेनासा झाला. घरात गिरणीवरचा पांढराशुभ्र तांदूळ येऊ लागला. बाजारात तर खाण्याची चंगळ होती. चहावाला तासातासाला फेरी मारायचा, त्याच्या चहात पान कमी आणि साखर जास्त. दहा वाजता वडापाव, उकडायला लागलं की थंड्याची बाटली, येताना बेकरीतली खारी नाहीतर नानकटाई. आम्ही भावंडं त्या पुड्याची वाट बघत दारात उभी असायचो. आमचे दिवस पालटले असं सगळे म्हणत होते, आणि माझंही तेच मत होतं.

पहिली शंका आली ती परक्या बाईला. अंधेरीच्या एका सोसायटीत राहणारी, आईची जुनी गिऱ्हाईक. तिनं ओट्याजवळ उभं राहून बघितलं, आईनं मासे कापता कापता तांब्याभर पाणी संपवलं आणि शेजारणीकडून दुसरा तांब्या मागून घेतला. शिवाय एवढी भरलेली बाई महिन्याभरात वाळायला लागली होती. ती बाई म्हणाली, "अगं, आमच्या ह्यांचं असंच झालं होतं. लघवी तपासून घे." भर बाजारात असं बोलल्याचा आईला राग आला. पण बाईनं पाठ सोडली नाही, दवाखान्याचा पत्ता कागदावर लिहून हातात कोंबला. मला वाचता येत होतं, म्हणून मी बरोबर गेले.

डॉक्टर म्हणाले, "मधुमेह आहे. जन्मभर सांभाळावं लागेल."

"म्हंजी शेटलोकांची बिमारी?" आईनं विचारलं.

"पूर्वी म्हणायचे तसं," डॉक्टर म्हणाले. "आता सगळ्यांचीच झालीय."

आईनं मागचं वाक्य ऐकलंच नसावं. दुसऱ्या दिवशी तिनं बाजारात सगळ्यांना सांगितलं, मना शेटांची बिमारी झाली. ओट्यांवर हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, आता मोटर घे. मला वाटतं ती मनातून थोडी सुखावली होती. आमच्याकडे माणसं बुडून मरत, तापानं मरत, दारूनं मरत. हा असा आजार, ज्यात ताप नाही, खोकला नाही, अंथरूण नाही, आम्हाला आजार वाटेचना.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, साखर बंद केली आणि शेवटी म्हणाले, "पायात कायम चप्पल पाहिजे. घरातसुद्धा." आईनं मान डोलावली. हे मान डोलावणं म्हणजे काय असतं ते मला माहीत होतं, गिऱ्हाइकाच्या ‘उद्या देते’ला ती अशीच डोलवायची. ओट्यावर चप्पल घालून बसणं शक्यच नव्हतं. सकाळी ओटा धुऊन ती तिथे उदबत्ती लावायची, पहिला पैसा कपाळाला लावायची. ती तिची देवाची जागा. आणि खाली फरशीवर बर्फाचं पाणी, खवले, चिकटा, तिथे चपलेनं घसरून पडायचीच भीती. बाजारात एकही कोळीण चप्पल घालत नव्हती. चपला रिक्षापर्यंतच्या.

मला मात्र एक काम मिळालं. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं मला लघवी तपासायला शिकवली. काचेच्या नळीत चमचाभर निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब सोडायचे, स्पिरिटच्या दिव्यावर उकळी आणायची आणि रंग बघायचा. निळा राहिला तर चांगलं. हिरवा म्हणजे थोडी साखर, पिवळा म्हणजे जास्त, मग नारिंगी, आणि विटेसारखा लाल आला तर वाईट. मी ते वहीत लिहून ठेवायचे. सुरुवातीला मोठी ऐट वाटली. घरात प्रयोगशाळाच उघडल्यासारखं झालं होतं.

ऐट पंधरा दिवस टिकली. मग मला सकाळ नकोशी वाटायला लागली. नळीतलं निळं पाणी उकळताना आधी गढूळ होई आणि मग त्यात खालून रंग चढत येई. तो हिरव्यावर थांबावा म्हणून मी श्वास धरून बसायचे. तो थांबायचा नाही. पिवळा व्हायचा, नारिंगी व्हायचा. बाबा तेवढ्या वेळात मुद्दाम जाळं घेऊन बाहेर बसायचे, आत बघायचे नाहीत. आई पाठीमागून विचारायची, "हिरवा हाय ना गो?" मी म्हणायचे, "नारिंगी आहे." मग ती माशाच्या भावासारखी घासाघीस करायची. "नीट बघ. पिवल्यात धर." वहीत पिवळा लिहिला की तिला बरं वाटायचं. मीही एकदोनदा पिवळा लिहिला. तिचा चेहरा बघून नारिंगी लिहायला हात वळला नाही.

त्याच सुमारास एका दुपारी ते झालं.

आई रिक्षातून उतरून घरात आली, बेकरीचा पुडा माझ्या हातात दिला, पाणी प्यायली. मी पुडा ठेवायला वळले तर लादीवर लाल ठसे. उंबऱ्यापासून माठापर्यंत, एकाआड एक. मी ओरडले. आई म्हणाली, "काय झालं? कुनाचं रगत?"

तिचंच होतं. मी तिला खाली बसवून पाय उचलला. तळव्यात, करंगळीच्या खाली, शिंगाळ्याचा काटा मोडून बसला होता. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, शिंगाळा या माशाच्या पाठीवर एक विषारी काटा असतो. तो लागला की दांडगे खलाशी होडीत लोळतात, रडतात. माझ्या बाबांना मी आयुष्यात एकदाच रडताना बघितलं होतं, ते शिंगाळ्यानंच. आणि आई बाजारात तो काटा पायात घेऊन हिशेब आटोपून, रिक्षात बसून, गल्ली चालून घरी आली होती. वाटेत बेकरीत थांबली होती.

शेजारची मावशी धावत आली. तिनं काटा उपटला, रक्त पुसलं आणि कपाळाला हात लावून म्हणाली, "देवीनं राखलंन गो तुना! दुखनं काढून घेतलंन!" दाराशी जमलेल्या बायकांनी हात जोडले. आईही हात जोडून बसली. मला एवढंच कळत होतं की काहीतरी फार चुकतंय, पण काय ते सांगता येईना. मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ. मावशी म्हणाली, आधी विष उतरू दे.

शिंगाळ्याच्या विषावर आमच्याकडे एकच उपाय, गरम पाणी. पाय गरम पाण्यात बुडवून बसायचं. हा उपाय खोटा नाही, त्यानं शेकडो माणसांना उतार पडलेला मी बघितलाय. पाणी किती गरम, याचं माप ठरलेलं होतं, सोसेल तेवढं गरम. ज्याला काटा लागला त्यालाच विचारायचं. तो ‘बास’ म्हणाला की थांबायचं. यात चूक होण्यासारखं काही नव्हतं, कारण ‘बास’ न म्हणणारा माणूस आमच्या गावात कधी जन्मला नव्हता.

मी स्टोव्ह पेटवला. पाणी घमेल्यात ओतलं, आईनं पाय बुडवला.

"गरम आहे का?"

"कोमट हाय. घाल अजून."

मी घातलं.

"आता?"

"घाल गो. विष उतरलं पायजे ना."

मी पातेल्यातलं उरलेलं सगळं ओतलं. घमेल्यातून वाफ येत होती. घमेलं सरकवायला मी कडेला हात लावला आणि माझी बोटं चटकन मागे आली. हे मला स्वच्छ आठवतं. माझी बोटं भाजली, मी ती तोंडात घातली, आणि त्याच घमेल्यात माझ्या आईचा पाय होता. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ती शांतपणे मावशीशी बोलत होती. माझ्या मनात त्या क्षणी काय आलं तेही आठवतं. आलं ते हे, की आईचे पाय पक्के आहेत.

आयुष्यात पुढे मी पुष्कळ चुका केल्या. त्यांची कारणं देता येतात. याचं कारण मला अजून देता आलेलं नाही. मला शाळेत त्वचेचे थर शिकवले होते. माझ्या वहीत महिन्याभराचे लाल-नारिंगी रंग लिहिलेले होते. आणि मी स्टोव्हवर दुसरं पातेलं ठेवलं.

सकाळी आई उठून बसली आणि पायाकडे बघत राहिली. घोट्यापर्यंत फोड आले होते, काही फुटले होते, तळव्याची कातडी भिजलेल्या कागदासारखी सुटली होती. ती ओरडली नाही. ओरडण्यासारखं तिला काही होतच नव्हतं. तिनं बोटानं ती सुटलेली कातडी दाबली, पुन्हा दाबली. मग माझ्याकडे बघितलं. असा घाबरलेला तिचा चेहरा मी कधी बघितला नव्हता. बाबांची होडी वादळात दोन दिवस परतली नव्हती तेव्हाही नाही.

"मना दुखत का नाय गो?" ती म्हणाली. "पोरी, मना दुखत का नाय?"

तिला महापालिकेच्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितलं आणि म्हणाले, "सुई टोचली की सांगा." त्यांनी अंगठ्याला टोचलं, बोटांना टोचलं, टाचेला टोचलं. चांगल्या पायावरही टोचलं. रक्ताचे बारीक ठिपके वर आले. घोट्यापर्यंत सुई आली तरी आई डोळे मिटून वाट बघत होती. शेवटी म्हणाली, "करा ना सुरू, डॉक्टरसाहेब."

डॉक्टर बाहेर येऊन बाबांना म्हणाले, जखम वर चढली तर गुडघ्याखाली पाय काढावा लागेल. आठवडाभर बघू. मी तिथेच होते. त्यांनी पाणी कुणी ओतलं ते विचारलं. बाबा म्हणाले, "घरातल्यांनी."

तो आठवडा लांबत लांबत महिना झाला. रोज सकाळी डॉक्टर पट्टी सोडत, आणि पट्टीचा शेवटचा पदर निघेपर्यंत मी नजर छताकडे ठेवायचे. करंगळी काळी पडली. मग शेजारचं बोट. काळेपणा वर सरकतोय की थांबलाय, हे बघायला डॉक्टरांनी पेनानं रेघ ओढून ठेवली होती. मी शाळेत बसून त्या रेघेचा विचार करायचे. गणिताच्या तासाला वहीत पाऊल काढायचे आणि त्यावर रेघ मारायचे. कोळणीचा पाय गेला तर ती ओट्यावर चढणार कशी, बंदरावर उतरणार कशी? आणि लोक विचारतील, कशानं गेला, तर आई काय सांगेल? ती माझं नाव सांगणार नाही हे मला माहीत होतं. तेच मला सहन होत नव्हतं.

त्या वॉर्डात आई एकटी नव्हती, हे मला फार उशिरा दिसलं. शेजारच्या खाटेवर घाटकोपरची एक बाई होती, टेलिफोन ऑफिसात खुर्चीवर बसून वीस वर्षं झाली होती, तिच्या टाचेला भोक पडलं होतं. तिच्यापलीकडे मुलुंडची एक. तिचं कुटुंब चाळीतून लिफ्टच्या इमारतीत राहायला गेलं होतं, नळ घरात आला होता, आणि दोन वर्षांत ब्लडप्रेशर, साखर, मग डोळे. दोघी आपापल्या घराचं वर्णन इतक्या प्रेमानं करायच्या की ऐकत राहावं. कुणाच्याही आयुष्यात काही वाईट घडलेलं नव्हतं. सगळ्यांचं बरं चाललं होतं. भीती मला त्याचीच वाटायला लागली.

एका म्हाताऱ्या डॉक्टरांना मी धीर करून विचारलं, की आमच्या आजीला हे का झालं नाही? तीही भातच खायची. ते कामात होते, पण थांबले. म्हणाले, "तुझी आजी खायची तेवढं चालून जिरवायची. आणि मी नवीन होतो तेव्हा ह्याच खाटांवर पटकी असायची, विषमज्वर असायचा. माणूस मरायचा, नाहीतर खणखणीत बरा होऊन घरी जायचा. आता जे येतात ते मरत नाहीत आणि बरेही होत नाहीत. आजार बरोबर घेऊन घरी जातात आणि त्याला सांभाळत बसतात." मग माझ्या खांद्यावर थोपटून पुढच्या खाटेकडे गेले.

मी यावर वर्षानुवर्षं विचार केलाय आणि मला अजून राग येतो. कुणावर ते मात्र सांगता येत नाही. वॉचमनवर? फ्रिजवर? चहावाल्यावर? डोक्यावरची पाटी काही सुखाची नव्हती. तिनं आईची मान वाकवली होती, लोकांनी तिला दारात उभं ठेवलं होतं. ती पाटी उतरावी असं मला वाटलं यात माझं काय चुकलं? पण पाटी उतरली तेव्हा तिच्याबरोबर रोजचं चालणंही गेलं, आणि त्याच्या जागी काय ठेवायचं ते कुणाला माहीत नव्हतं. जागा रिकामी होती, तिथे वडापाव, थंडा आणि बसणं येऊन बसलं. आम्ही त्याला सुख म्हणालो. दुसरं काय म्हणणार? सुख कधी बघितलंच नव्हतं.

तीन बोटं काढावी लागली. पाय वाचला. घरी सोडताना डॉक्टरांनी इंजेक्शनं लिहून दिली, मऊ चपला सांगितल्या, रोज रात्री तळवे हातानं चाचपून बघायला सांगितले. आणि म्हणाले, "जखम पुरती भरली की रोज तासभर चालायचं. चुकवायचं नाही. हेच तुमचं मोठं औषध."

आईनं माझ्याकडे बघितलं. एवढंच. मी खाली बघून चपलेचा अंगठा सारखा करत राहिले.

ती पुन्हा ओट्यावर गेली, चप्पल घालून. पहिल्या दिवशी चपलेला नमस्कार करून मग चढली, आणि दोन महिन्यांत आजूबाजूच्या चौघीजणी चपला घालायला लागल्या. घरी मात्र तिनं एक नवीनच खूळ काढलं. माझे पाय तपासायचं. रोज अभ्यासाला बसले की मागून यायची, माझं पाऊल ओढून मांडीवर घ्यायची आणि तळव्याला असा चिमटा काढायची की डोळ्यात पाणी यावं. मी किंचाळले की तिचा चेहरा उजळायचा. "दुखलं ना? मंग बरं हाय." माझं लग्न झालं तरी हे सुटलं नाही. माहेरी गेले की आधी पाय. जावयासमोरसुद्धा. मी चिडायचे, म्हणायचे, "आये, पुरे ना आता." ती म्हणायची, "तुना काय कलतंय? वरड तू नुसती."

मला नोकरी लागली ती बँकेत, अंधेरीलाच. दिवसभर खुर्ची, समोर चहा. चालणं म्हणाल तर रिक्षापासून जिन्यापर्यंत. आई एका सकाळी जेवढी चालायची, तेवढी मी महिन्यात चालत नाही, हे मला कळतं आणि तरी मी बसूनच आहे.

आई आता थकलीय. तिची नजर गेल्यात जमा आहे, पण हाताला जोर आहे. गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेले होते. खाटेवर तिच्याशेजारी बसून बोलत होते, पाय तिच्या मांडीवर, नेहमीसारखा. बोलता बोलता लक्षात आलं की ती गप्प झालीय आणि कान देऊन वाट बघतेय. मी खाली बघितलं. तिच्या दोन बोटांत माझ्या तळव्याची कातडी घट्ट धरलेली होती, नखं रुतली होती, आणि मला काहीही लागत नव्हतं.

मी जोरात ओरडले.

"दुखलं ना?" ती म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळला.